चाकाखालचा दगड

विनायकराव सायकल स्टँडवर उभी करतात, कुलूप घालतात आणि मग तिच्या मागच्या चाकाखाली दगड ठेवतात. स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलचे मागचे चाक जमिनीला टेकत नाही. ही बाब मी एकदा त्यांच्या निदर्शनास आणून दिली होती. त्यांनी वाकून पाहिले, माझे म्हणणे मान्य केले आणि दगड पुढच्या चाकाखाली सरकवला.

तो दगड काळा आहे, नारळाएवढा आहे आणि एका बाजूने सपाट आहे. तो कापडी पिशवीत असतो आणि पिशवी विनायकरावांच्या खांद्याला असते. बँकेच्या दारावरचा पहारेकरी दर वेळी पिशवी उघडायला लावतो, दगड पाहतो आणि त्यांना आत सोडतो. कारण विचारण्याचे त्याने केव्हाच सोडून दिले आहे. ऑटोरिक्षातून उतरल्यावर विनायकराव आधी चाकाखाली दगड ठेवतात आणि मगच भाडे काढतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थोडा उतार आहे. तिथे ट्रॅक्टर उभा करून चालक चहाला गेला, तर हे त्याच्या चाकाखाली दगड लावून तो परत येईपर्यंत उन्हात उभे राहतात. चालकाला तो उपद्रव वाटतो, मुलांना करमणूक. मुले त्यांना 'दगडवाले आजोबा' म्हणतात. मी सहसा हसत नाही. पण त्या दगडाला मीही हसत असे.

यवतमाळात आमची घरे एकमेकांना लागून आहेत. मधली भिंत सामाईक. मी दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होतो, म्हणजे प्रकरणांचे कागद क्रमाने लावून साहेबांपुढे ठेवण्याचे काम करीत होतो. विनायकराव विम्याचे सर्व्हेअर होते. जिल्ह्यात कुठे वाहन आदळले, उलटले किंवा नाल्यात गेले, की ते जाऊन पाहत आणि ते दुरुस्त होण्याजोगे आहे की संपले, हे ठरवीत. उभ्या आयुष्यात त्यांनी चालती गाडी अशी पाहिलीच नाही. त्यांच्यापुढे आलेले प्रत्येक वाहन मोडून आलेले होते. धडधाकट वाहन म्हणजे अजून न मोडलेले वाहन, अशी त्यांची साधी व्याख्या आहे. "गाडी मारत नाई, शिरस्तेदारसाहेब," असे ते म्हणतात, "भरोसा मारते."

त्यांच्याबरोबर एसटीने प्रवास करणे ही शिक्षा आहे. ते संकटकालीन खिडकीजवळ बसतात आणि रस्ता वाचू लागतात. या पुलावर ट्रक. त्या निंबाला जीप, आत वऱ्हाडी. इथे रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली आणि मोटारसायकल शेतात गेली. ते हे हळू आवाजात, सभ्यपणे सांगतात. त्यामुळे अधिक भीती वाटते. पुढच्या आसनावरची बाई लेकराला मांडीवर ओढून घेते. एकदा राळेगावच्या गाडीत वाहकाने त्यांना हात जोडून सांगितले, "काकाजी, तुमी झोपून जा. तिकिटाचे पैसे वापस देतो."

एकाच ठिकाणी ते बोलत नाहीत. यवतमाळहून बोरी अरबकडे जाताना वाटेत एक उतार लागतो. उतारावर वळण आहे आणि वळणावर चिंच आहे. तिथे माझा मुलगा सुधीर गेला. त्याला बरीच वर्षे झाली. जीप होती, एवढे मला ठाऊक आहे. याहून अधिक मी कोणाला विचारले नाही. न्यायालयात मी इतरांच्या मृत्यूचे कागद आयुष्यभर क्रमाने लावले. ते एक प्रकरण उघडले नाही. चिंच जवळ आली की मी खिडकीकडे पाठ करतो. त्याच वेळी विनायकराव खिशातून बडीशेपेची डबी काढतात आणि माझ्यापुढे धरतात. "घ्या. पोटाले बरी." चिंच मागे पडली की डबी खिशात जाते आणि पुढच्या वळणावर पुन्हा कोणाचा तरी टेम्पो उलटतो. याला मी शेजारधर्म समजत होतो.

असा हा मनुष्य गतवर्षी पोळ्यानंतर एका सकाळी अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत माझ्या अंगणात आला. एका गालावर साबण होता. हातात न्हाव्याचा मोबाइल होता आणि मागे तो मोबाइल परत मिळावा म्हणून न्हावी उभा होता.

"साहेब, हे पाहा," विनायकराव म्हणाले. "ही मेलेली हाय."

मोबाइलवर पोळ्याची चित्रफीत होती. बोरी अरबच्या पुढच्या एका तांड्यावर तोरणाखाली बैलांची रांग उभी होती. झुली, बेगड, रंगवलेली शिंगे. रांगेत दोन बैलांच्या मधोमध एक लाल मोटार उभी होती. बुटकी, लांब नाकाची, बिनटपाची, दोनच माणसांची. तिच्या पाठीवर झूल होती, दिव्यांना बाशिंग होते आणि कोणीतरी तिच्या जाळीला पुरणपोळी लावत होते.

विनायकरावांनी जे सांगितले ते असे. ती मोटार परदेशी बनावटीची. एका जिनिंगवाल्या शेठजींनी ती हौसेने आणली होती. तिचा त्या काळी जिल्ह्यात एवढा बोलबाला होता, की लोक कापूस विकायला यायचे आणि ती पाहून जायचे. शेठजींच्या मुलाने ती नेरच्या रस्त्यावर एका पुलाच्या कठड्यावर घातली. पाय मोडून पोरगा वाचला. मोटारीचे नाक आसनापर्यंत आले होते. विनायकराव तेव्हा नोकरीत नवे होते. त्यांनी ती पाहिली आणि संपली असे लिहून दिले. शेठजींनी भंगारात काढली.

"माह्या सहीनं मेली," विनायकराव म्हणाले. "अन् पोळ्यात उभी हाय. पुरणपोळी खाऊन राह्यली."

न्हाव्याने मोबाइल घेतला. उरलेली दाढी त्या दिवशी झाली नाही.

त्यानंतर विनायकरावांना भीती वाटू लागली. ती त्यांना नेहमीच वाटते. पण ही निराळी होती. ती मोटार आपण विकत घ्यावी, अशी इच्छा त्यांना झाली होती. माणसाला वाघाची भीती वाटावी आणि त्याच वेळी तो पाळावासाही वाटावा, तसे ते झाले. रोज सकाळी ते सामाईक भिंतीशी येत आणि नवी शंका मांडून जात. छत नाही, वरून फांदी पडली तर? वेग घेतला आणि टोपी उडाली, टोपीकडे लक्ष गेले, तर? रोही आडवा आला तर तो थेट मांडीवरच येणार. एके दिवशी ते फारच खचलेले दिसले. "दोघांचीच गाडी हाय, साहेब. तिसऱ्याले जागा नाही. काही झालं तर सांगाले कोण राहीन?"

"मग घेऊ नका," मी म्हणालो.

"तेच म्हणतो," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

त्यांच्या पत्नी नलिनीताई स्पष्टवक्त्या आहेत. त्या आरोग्य खात्यात होत्या आणि पाड्यापाड्यांतून मोपेडवर एकट्या फिरत असत. नवरा दारात उभा राहून त्या परत येण्याची वाट पाहत असे. त्या मला भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊसाहेब, यायनं मले जन्मभर स्कूटरच्या मागं बसवून दोन्ही पाय जमिनीले घासत नेलं. वर्षाले तीन जोड चपला जात यायच्या. आता यायले रेसची गाडी पाह्यजे. मी तं नाही बसत. तुमीच बसजा. तुमचं तोंड तसंबी अपघात पाहून आल्यावाणीच असते."

असे बोलणे नलिनीताई फक्त जवळच्यांशीच करतात, हे मला माहीत आहे.

दिवाळीआधी आम्ही पहिल्यांदा तांड्यावर गेलो. मोटारीचा मालक परसराम आडे. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. हा मात्र पाच पिढ्यांचे फिरणे विसरून एका जागी कापूस पेरतो. भंगारातली ती मोटार त्याच्या बापाने कापसाच्या रिकाम्या गाडीत घालून आणली होती. का, हे कोणालाच सांगता आले नाही. परसरामने ती वर्षानुवर्षे, शेतातून वेळ मिळेल तसतशी, उभी केली. दिवे ट्रॅक्टरचे होते, भोंगा ट्रकचा. आसनात घरचा कापूस भरला होता आणि त्यावर त्याच्या म्हाताऱ्या आईने लाल-निळे भरतकाम करून बारीक आरसे जडवले होते. मोटार निंबाखाली उभी होती. तिला दाव्याने निंबाला बांधले होते.

विनायकराव दावे पाहून थबकले. "हे काहून?"

"हातब्रेक नाई ना जी," परसराम म्हणाला. "बैलाले असते काय हातब्रेक? बांधून ठेवतो."

विनायकरावांनी पिशवीतून दगड काढून चाकाखाली ठेवला. परसरामने तो कौतुकाने पाहिला. त्याच्या आयुष्यात गिऱ्हाईक दगड घेऊन प्रथमच आले होते. दगड ठेवूनही विनायकराव मोटारीखाली जाईनात. तेव्हा परसरामने आणखी तीन दगड आणून दिले. मग ते भर दुपारी विजेरी घेऊन खाली गेले आणि बराच वेळ आले नाहीत. त्यांचे पाय बाहेर दिसत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी पुढच्या भागावर हात फिरवला. पत्र्यावर, रंगाखाली, एक लांब शिवण होती. मोडलेले नाक जिथे जोडले होते ती जागा. ते बोटांनी ती शिवण शोधत राहिले. नंतर म्हणाले, "इथंच लागलं होतं तिले."

गिऱ्हाइकाने माल पाहून झाल्यावर मालकाने गिऱ्हाईक पाहायचे, ही परसरामची रीत. बैल विकतानाही तो तसेच करतो. त्याने विचारले, सावली हाय काय? पाणी कोण पाजीन? कारण ती चढावर तापते आणि बादलीभर पाणी पिते. घरी भांडण-तंडण तं नाई ना? आणि शेवटी म्हणाला, "जरा चालून दाखवता काय?"

अपघातांचे माजी सर्व्हेअर तांड्याच्या अंगणात निंबापासून चुलीपर्यंत चालून दाखवून आले. परसरामने त्यांची चाल पाहिली आणि मान डोलावली. "गरीब हाय," तो मला हळूच म्हणाला. बैलाबद्दल 'गरीब' म्हणणे म्हणजे तो मारका नाही. ही मोठी पावती होती.

दुसऱ्या खेपेला परसरामने त्यांना शेतातल्या चाकोरीवरून फेरी मारून आणली. मी बांधावर उभा होतो. मोटारीचा आवाज चांगला होता. लांबून आल्यासारखा, छातीत घुमणारा. फेरी संपल्यावर विनायकराव उतरले तेव्हा त्यांची बोटे दारावरून निघत नव्हती. कशी वाटली, असे मी विचारले.

"आवाज मस्त हाय," ते म्हणाले. "बाकी काही पाह्यलं नाही. डोळे मिटेल होते."

तिसऱ्या खेपेला सौदा झाला. त्या दिवसांत कापूस फुटला होता. परसरामने खांद्यावरचा दुपट्टा काढून आपल्या उजव्या हातावर टाकला आणि विनायकरावांना हात आत घालायला सांगितले. आमच्याकडे बैलबाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली एकमेकांची बोटे दाबायची, तोंडाने आकडा काढायचा नाही. बघ्यांना काही कळू नये, हा हेतू. विनायकरावांच्या घराण्यात सात पिढ्या लेखणी चालली. कापडाखाली हात कोणी घातला नव्हता. त्यांनी आधी कापड उचलून आत पाहिले. मग डोळे मिटून हात घातला.

पुढे काय घडले ते मला दिसले नाही. पण परसरामच्या चेहऱ्यावर ते उमटत होते. आधी तो गंभीर होता. मग त्याच्या भुवया वर गेल्या. मग तो विनायकरावांकडे आदराने पाहू लागला, मग अविश्वासाने, आणि शेवटी त्याला घाम फुटला. विनायकराव भीतीने कापत होते. त्यांच्या बोटांची प्रत्येक थरथर परसराम वाढीव भाव समजत होता.

शेवटी त्यानेच हात बाहेर काढला. "पुरे जी," तो म्हणाला. "तुमी तं मलेच लाजवून राह्यले." आणि बापाच्या वेळचा, मनात धरलेला भाव त्याने पुन्हा कापडाखाली, या खेपेला विनायकरावांचे मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरून, सांगितला. तो किती होता ते मला आजही माहीत नाही. मोटारीचे कागद मी पाहिले. ते होते, एवढेच म्हणतो.

परसरामची आई हळदकुंकू आणायला आत गेली तेव्हा मी विनायकरावांना बाजूला घेतले. अजून वेळ गेलेली नाही, असे सांगितले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तुम्हांला ही गाडी कशासाठी हवी आहे, हे मी त्यांना तोवर कधी विचारले नव्हते. तेव्हा विचारले.

ते मोटारीकडे वळले. "जन्मभर मी लिहीत गेलो, साहेब. हे संपलं, ते संपलं. ज्याले ज्याले लिहिलं ते कोणीच वापस नाई आलं. ही एकटी आली. मी लिहिलेलं एक तरी खोटं निघालं." त्यांनी नाक पुसले. "आता तिले अठीच सोडून कसं जाऊ?"

त्यांच्या त्या वाक्यातल्या परत न आलेल्यांत कोण कोण होते, याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

म्हातारीने मोटारीच्या नाकाला कुंकू लावले, जाळीला गूळ लावला, चाकांवर पाणी घातले आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मग तिने निंबाचे दावे सोडले, गुंडाळले आणि काखेत घेतले. विनायकरावांनी हात पुढे केला.

"दावं देत नसतात जी," परसराम म्हणाला. "जनावर द्यावं, दावं राहू द्यावं. दावं गेलं तं गोठा जाते."

"पण हातब्रेक नाई ना."

"तुमच्यापाशी दगड हाय ना," परसराम म्हणाला.



आम्ही निघालो. मी डावीकडे बसलो. दगडाची पिशवी माझ्या पायांशी होती आणि आसनावरचे आरसे पाठीला टोचत होते. विनायकरावांनी स्टिअरिंगचे चक्र असे धरले होते की ते सुटले तर पृथ्वीच सुटेल. मोटार वाघासारखी गुरगुरत होती आणि गोगलगायीसारखी चालत होती. कापूस वेचून परतणाऱ्या काही बाया रस्त्याच्या कडेने आमच्याबरोबर चालत होत्या. त्यांनी मोटार कोणाची, कुठे चालली, आत एवढे आरसे कशाला, हे सगळे चालता चालता विचारून घेतले आणि मग घरी स्वयंपाक असल्याने त्या पुढे निघून गेल्या.

विनायकरावांनी त्या दिवशी रस्ता वाचला नाही. ते फक्त श्वास घेत होते. मला मात्र एक गोष्ट उशिरा सुचली. एसटीला खिडकी असते. तिच्याकडे पाठ करता येते. या मोटारीला खिडकी नव्हती. छतही नव्हते. ती चिंच आता माझ्या डोक्यावरून जाणार होती. मी न्यायालयात अनेक माणसांना पिंजऱ्यात उभे राहताना पाहिले आहे. ते हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे उभे राहतात. माझे तसेच झाले.

जाताना जो उतार तो येताना चढ. वळण आले. मोटार चढू लागली, धापा टाकू लागली, जाळीतून वाफ निघाली आणि चिंचेखाली ती बंद पडली.

मग मोटार मागे सरकली.

विनायकरावांनी दोन्ही पाय ब्रेकवर दाबले. मोटार थांबली, पण पायाखाली ब्रेक हळूहळू नमत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. ते उतरू शकत नव्हते. मी पिशवीतून दगड काढला आणि दार उघडले.

"उतरू नका," ते म्हणाले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "साहेब, तुमी उतरू नका. मागं जाऊ नका. तुमाले हात जोडतो."

त्यांनी हात जोडले नव्हते; हात चक्रावर होते. दोघेही बसून राहिलो तर मोटार आम्हांला घेऊन खाली जाणार, हे उघड होते. मी उतरलो. मोटारीच्या कडेने, तिच्या मागे न जाता, गेलो आणि वाकून मागच्या चाकाला दगड लावला. चाक दगडावर आले, त्याने दगड थोडा दाबला आणि थांबले.

विनायकरावांनी पाय काढले नाहीत. ते पुढे, रस्त्याकडे पाहत बोलू लागले. मी चाकाशी वाकलेलाच होतो.

"सुधीर टायर पाह्याले उतरला होता, साहेब. गाडी बिघडली नवती. टायरमध्ये हवा कमी वाटली म्हणून उतरला. समोर जाऊन बसला पाह्यत. गाडी उतारावर." त्यांनी चक्र आणखी घट्ट धरले. "दुसऱ्या दिवशी मी आलतो अठी. पाहणीले. गाडीले काहीच झालं नवतं. अन् दगड, साहेब, दगड कितीक पडेल होते. चारी बाजूनं. एक कोणी लावला असता तं झालं असतं."

मी दगड चाकाखाली आणखी आत सरकवला.

"तुमाले कसं सांगणार होतो? बापाले हे सांगाची गोष्ट हाय काय, का एका दगडाचं काम होतं?" मग ते म्हणाले, "तो दगड अठलाच होय."

माझा हात दगडावर होता. चिंचेचा पाला रस्त्यावर, मोटारीच्या आसनावर, आरशांवर पडला होता. ती चिंच मी इतक्या वर्षांत प्रथम पाहिली. मला वाटले होते त्यापेक्षा ती लहान होती.

मोटार निवेपर्यंत आम्ही थांबलो. नाल्यातून बाटलीने पाणी आणून मी तिला पाजले. परसराम म्हणाला होता त्याप्रमाणे ती बरेच प्याली. मग विनायकरावांनी ती सुरू केली. दगडाच्या आधारावरून ती सुटली, गुरगुरत चढ चढली आणि वर सपाटीवर जाऊन उभी राहिली. त्यांनी मागे वळून पाहिले. दगड तिथेच ठेवून यावे, अशी त्यांनी खूण केली. तो ज्या जागेचा होता त्या जागी राहू द्यावा, असे कदाचित त्यांना वाटले असेल.

मी दगड उचलला. तो इतकी वर्षे मी पाहत होतो, हसत होतो. हातात त्या दिवशी प्रथम घेतला. तो दिसतो त्यापेक्षा जड आहे. हा मनुष्य तो बँकेत, बाजारात आणि लग्नाकार्यात खांद्यावरून नेत होता.

मी चढ चढून आलो आणि मोटारीत बसलो. दगड पिशवीत न ठेवता मांडीवर घेतला. विनायकराव माझ्याकडे पाहत नव्हते. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून बडीशेपेची डबी काढली, उघडली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांच्या बोटांतून निम्मी बडीशेप सांडली. उरलेली त्यांनी तोंडात टाकली.

थोडे पुढे गेल्यावर एक पूल आला.

"अठी ट्रक गेलता," ते हळूच म्हणाले. "गुळाचा."

"कोणी वाचले?" मी विचारले. एवढ्या वर्षांत मी हे कधी विचारले नव्हते.

"सगळेच," ते म्हणाले. "गूळ गेला."

गावात शिरेपर्यंत ते रस्ता वाचत आले आणि मी प्रत्येक वळणाला तोच प्रश्न विचारत आलो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मोटार उभी केली. नलिनीताई फाटकात होत्या. त्यांनी मोटार पाहिली, आरसे पाहिले आणि नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पाहिला. विनायकराव सवयीने पिशवी चाचपू लागले. पिशवी रिकामी होती.

मी खाली उतरलो, वाकलो आणि दगड मागच्या चाकाखाली लावला.

"घ्या," नलिनीताई म्हणाल्या. "एक दगडवाले होते, आता दोन झाले."

मी दगड हाताने हलवून पाहिला. पक्का बसला होता.